हाडांचे काळे ठिपके

गेल्या वर्षीच्या बोन स्कॅनमध्ये कॅन्सरचे तीन काळे ठिपके होते. दोन मणक्यांत, एक कमरेच्या हाडात. यकृतातही गाठ होती. लेट्रोझोल आणि रिबोसिक्लिब ही कॅन्सरची औषधं सुरू झाली. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "काकू, औषध लागू पडतंय का ते बघू या."

सीटी स्कॅनचं लवकर उरकलं. यकृतातली गाठ ४२ मिलिमीटरची २७ झालेली. गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली, की त्याला आंशिक प्रतिसाद म्हणतात. आम्ही खूश. पण हाडातले डाग असे पट्टीने मोजता येत नाहीत, म्हणून बोन स्कॅन.

उपाशी राहायचं नव्हतं, हे एक बरं. सकाळी टेक्नेशियम ह्या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन दिलं आणि तीन तासांनी या म्हणाले. "बेन, पाणी पीता रहेजो." बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर जवळच, पण नात दोन वर्षांची, दिसले की थेट मांडीत. लहान मुलांपासून त्या दिवशी लांब राहायला सांगितलेलं. मग आम्ही दोघं सूरसागर तलावाच्या काठी बसलो. ह्यांनी दर पंधरा मिनिटांनी बाटली पुढे केली. स्कॅनच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं आणि मग हलायचं नाही. कॅमेऱ्याची पाटी नाकाला टेकतेय की काय, इतकी खाली येते. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. दुसरं कडवं दोनदा झालं.

संध्याकाळी रिपोर्ट. जुने ठिपके जास्त गडद, शिवाय बरगडीत एक नवा. ह्यांनी टीव्ही बंद केला. रात्री कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही सीटी शेजारी-शेजारी लावल्या. मणक्यात आधी काळी खळगी होती, आता तिच्या कडेला पांढरी किनार. "हे स्कॅनच्या इंजेक्शनातलं औषध कॅन्सरला चिकटत नाही काकू, जिथे नवं हाड तयार होतं तिथे जमतं. पेशी मेल्या की हाड खळगी भरायला लागतं आणि स्कॅनवर डाग भडकतो. ह्याला फ्लेअर म्हणतात." बरगडीतला डागही जुन्या सीटीत बारीक दिसतच होता. मात्र त्यांनी छातीठोक काही सांगितलं नाही. औषध तेच ठेवू, तीन महिन्यांनी परत बघू, एवढंच. बिघडलं तरी डाग काळा, भरत आलं तरी काळाच! हे रिपोर्टमध्ये कुणी एका ओळीत लिहिलं असतं, तर आमची एक रात्र वाचली असती. अर्थात जुन्या सीटीची सीडी आम्हीच घरी विसरलो होतो. ज्याने रिपोर्ट लिहिला, त्याच्यासमोर ती नव्हतीच.

परवाच्या खेपेला सगळ्या सीडी पिशवीत घालून नेल्या, मशीनही तेच मागितलं. बरगडीतला ठिपका गेलाय, मणक्यातले फिके पडलेत. कमरेचा मात्र होता तसाच आहे. त्याचं काय, असं विचारलं, तर डॉक्टर फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यावर नजर ठेवू."