कोऱ्या कागदाने केलेली फजिती

आज सकाळी रसायनशास्त्राचं तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. हायलायटरने पान इतकं पिवळं केलंय की आता न रंगवलेल्या ओळीच उठून दिसतात. सगळं कसं ओळखीचं वाटत होतं! मग पुस्तक मिटलं, कोरा कागद घेतला आणि आठवेल ते लिहायला बसले.

चार ओळी. पाचवीला पेन थांबलं ते थांबलंच. ल शातेलिएचा नियम नावासकट आठवला, पण दाब वाढवला की रासायनिक अभिक्रियेचा समतोल सरकतो कुठे? डोक्यात नुसता धूर. (वायूचे रेणू कमी असतील त्या बाजूला. आता जन्मात विसरणार नाही.)

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हाच प्रकार विद्यार्थ्यांवर तपासला होता. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे वाचताना जे 'येतंय' असं वाटतं, ते बऱ्याचदा फक्त ओळखीचं असतं. मी वर्षभर त्याच भ्रमात होते, आणि वर हायलायटर संपवले ते वेगळेच.

दुपारी दोन प्रकरणं अशीच केली. वेग कासवाचा, डोकं पार शिणलं. बाकी वेळापत्रक वगैरे सुंदर आखलेलं आहे, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

रात्री जागायचा बेत होता, रद्द केला. उठल्यावर तोच विषय, नवा कागद, पुस्तक बंद. चार ओळींच्या पुढे गेले तर कळवते.