पाणी किती दिवसांनी बदलता?

घरी आलेल्या माणसाची नजर माझ्या कोरलांच्या, म्हणजे प्रवाळांच्या, टाकीवर गेली की पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्राचं पाणी काय, रत्नागिरीहून आणता?" याचं उत्तर सोपं आहे. नाही. कृष्णेचंच पाणी, नळाला येतं ते. आरओ आणि त्यापुढच्या डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणायचा आणि त्यात रीफचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचं, मीठ घालायचं, लिटरला साधारण 36 ग्रॅम. (स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालणार नाही. चवीसाठी त्यात थोडे क्षार राहू दिलेले असतात, टीडीएस 50-60 सहज येतो. प्यायला छान, टाकीला नको.) दुसरा प्रश्नही ठरलेला: "पाणी किती दिवसांनी बदलता?" याचं उत्तर पहिली दोन वर्षं मी पाढा म्हटल्यासारखं द्यायचो. दर रविवारी, वीस लिटर. आता तेच विचारलं की अडखळतो, आणि समोरच्याला वाटतं हा काहीतरी लपवतोय. परवा तुमच्याही चेहऱ्यावर तेच दिसलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. "अहो, रोज तर बादली ओतताना दिसता," असं शेजारचे काका म्हणतात. ती भर. बदल नव्हे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाणी 27 अंशांच्या वर जाऊ नये म्हणून पृष्ठभागावर पंखे लावावे लागतात, आणि पंखे चालले की 200 लिटरच्या टाकीतून दिवसाला चारेक लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. एकाने माझं बघून घरी खाऱ्या पाण्याची भर घालायला सुरुवात केली होती. हिशेब करा: रोज चार लिटर म्हणजे रोज 140 ग्रॅम जादा मीठ. पंधरा दिवसांत लिटरला 35 ग्रॅमचा खारेपणा 45 वर. त्याने दोष मिठाच्या पाकिटाला दिला.

आता बदल. नायट्रेट-फॉस्फेट बाहेर काढायचं आणि कोरलांनी वापरलेली खनिजं परत द्यायची, एवढ्यासाठीच पाणी बदलतात. यातलं दुसरं काम माझ्याकडे हलकं आहे, कारण माझी सगळी सॉफ्ट कोरल: झोआ, मशरूम, लेदर, झेनिया. दगडी सांगाडा बांधणारी कोरल रोज अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) आणि कॅल्शियम ओढतात, त्यांचा हिशेब निराळा. ती का ठेवत नाही हेही विचारता, तर रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल, काळं प्रवाळ आणि सी फॅन 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विकणारा "काही होत नाही" म्हणाला तरी मला ते नको. विषय संपला.

पहिलं काम, म्हणजे घाण काढणं, वाटतं तेवढं वेगाने होत नाही. नायट्रेट 40 (लिटरला मिलिग्रॅम, पुढचे आकडेही तसेच) असेल आणि दहा टक्के पाणी बदललं तर 36 होतं. बस. दर आठवड्याला दहा टक्के असं दहा आठवडे केलं तरी मूळच्या पाण्यातलं 35 टक्के टाकीतच राहतं, आणि मासे रोज नवी भर घालतातच. हे कळलं तेव्हा मला वाटलं, मग दहा टक्के फार कमी. तिथेच माशी शिंकली.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत टाकीत नायट्रेट 15 होतं, फॉस्फेट 0.12. काचेवर दोन दिवसांत हिरवी साय धरायची, डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर केसाळ शेवाळ. झोआ उघडलेल्या, लेदरची बोटं बाहेर, झेनियाच्या मुठी दिवसभर उघडत-मिटत होत्या. म्हणजे कोरलांची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. तेव्हाचा मी म्हणायचा, खऱ्या रीफवर नायट्रेट शून्याजवळ असतं, मग माझ्याकडे 15 का? त्याला आज सांगावंसं वाटतं की बाबा रे, खऱ्या रीफवर रात्रंदिवस वाहत्या पाण्यातून खाणंही येत असतं. तुझ्या टाकीत खाणं येतं ते तू चिमटीने टाकशील तेवढंच. पण तो ऐकणारा नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं पुस्तकी असलं तरी चूक नव्हतं.

त्याने वीस लिटरचे चाळीस केले. जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे विटकरी दाणे, 100 ग्रॅम रिअॅक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरतं त्या नळकांड्यात) भरले. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. स्किमरची (फेसाबरोबर घाण कपात काढणारं यंत्र) पातळी वाढवून कपात चहाच्या रंगाचं पाणी यायला लावलं. पाच आठवड्यांत नायट्रेटच्या नळीत रंग चढेनासा झाला आणि फॉस्फेटचा मीटर 0.00 दाखवू लागला. काच दहा दिवस पुसावी लागली नाही.

मग वाळूवर बारीक तपकिरी भुकटी दिसली. डायटम असतील, नव्या टाकीत येतात-जातात, असं म्हणून ओढून टाकली आणि सोबत चाळीस लिटर बदललं. टाकी दोन वर्षांची होती, नवी नव्हती, हे तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला भुकटी परत. आठवड्याने तिच्या तारा झाल्या, शेंबडासारख्या, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी दिवे लागायच्या आधी बघावं तर दगड धुतल्यासारखे स्वच्छ. दुपारी पुन्हा तेच. शंखांनी काचेवरची पकड सोडली आणि ते वाळूत उलटे पडले. सरळ केले तरी तासाभरात उलटे. झोआ मिटल्या त्या मिटल्याच.

मी काय केलं? पाणी बदललं. दर रविवारी चाळीस, एका आठवड्यात तर दोनदा. एकदा घाईत मिठाचं पाणी जेमतेम तासभर ढवळून ओतलं. त्या मिठाची अल्कलिनिटी 11.5 डीकेएच (तिचं एकक), टाकीची 7.5. एक पंचमांश पाणी बदललं म्हणजे अर्ध्या तासात 0.8 ची उडी. मिटलेल्या कोरलावर हा वर एक तडाखा.

शेवटी मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या मित्राकडे बाटली नेली. 400 पटीत थेंबाच्या आकाराचे जीव दिसले. निमुळत्या टोकाशी खुंटीला बांधलेलं जनावर फिरावं तसे गोल गोल फिरत होते. ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेट, आपल्या भाषेत डायनो. 2005 मध्ये इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर याच्याच उद्रेकाने दोनशेच्या आसपास लोक ताप-खोकल्याने आजारी पडले होते. त्याचं विष झोआतल्या पॅलिटॉक्सिनच्या घराण्यातलं. म्हणून हे ओढताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. आणि झोआ चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, ही गोष्ट तुम्ही न विचारताही सांगतो.

लॅब नसेल तर घरच्या घरी: तपकिरी घाण बाटलीत जोरात हलवा, टिश्यू पेपरच्या घडीतून गाळा, गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा तार धरली तर डायनो.

पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की शेवाळ उपाशी मरतं, वाळूतले जिवाणू रोडावतात आणि जागा मोकळी होते. डायनोला उजेडही चालतो आणि जिवाणू गिळूनही भागतं, त्यामुळे मोकळ्या जागेत तोच पसरतो. नव्या मिठातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवर तो जास्तच फोफावतो, असं अनुभवी मंडळी सांगतात. मला पटतं, सिद्ध करता येणार नाही.

"मग औषध का नाही टाकलं?" कारण कोरलाच्या पेशीत राहून त्याला साखर पुरवणारं झूझँथेली, तेसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच. मारणारा आणि पोसणारा भाऊबंद आहेत. एकावरचं विष दुसऱ्याला सोडेल याची खात्री कोण देणार?

मी पाणी बदलणं पूर्ण थांबवलं. जीएफओ काढला. विष शोषायला 100 ग्रॅम सक्रिय कार्बन ठेवला, दर चार दिवसांनी नवा. टाकीला काळा कागद गुंडाळून तीन दिवस अंधार केला. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतो, म्हणून 18 वॉटचा यूव्ही, म्हणजे वाहत्या पाण्यातले जीव अतिनील किरणांनी मारणारा दिवा, लावला. तो सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, नव्हे. थेट टाकीतून पाणी घेऊन टाकीतच सोडणारा, आणि धार मंद. वाळूला चिकटून राहणारा दुसरा डायनो, अॅम्फिडिनियम, असता तर यूव्हीचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून आधी ओळख, मग खर्च.

आणि नायट्रेट, फॉस्फेट विकत आणून टाकीत घातलं. हे सांगताना अजून कसंतरी होतं. ज्या जिल्ह्यात तासगावपासून कवठेमहांकाळपर्यंत द्राक्षबागायतदार तेरा-झिरो-पंचेचाळीस आणि झिरो-बावन्न-चौतीस बागेला देतात, तिथे मी तीच दोन द्रव्यं पैसे मोजून पाण्यातून काढत होतो. तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनो पोटॅशियम फॉस्फेट. अर्थात कृषी सेवा केंद्रातली पुडी टाकीत ओतू नका. खतात आणखी काय आहे ते पुडीवर असेलच असं नाही, आणि एखाद्या धातूचा अंश द्राक्षवेलीला चालतो तो कोरलाला चालेलच असं नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. 200 लिटरला नायट्रेट 2 ने वाढवायला पोटॅशियम नायट्रेट 0.65 ग्रॅम. फॉस्फेटसाठी मोनो पोटॅशियम फॉस्फेट 1 ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि त्यातलं 6 मिलिलिटर रोज. त्याने 0.02 वाढतं.

वाढतं म्हणजे, वाढायला हवं. कोरड्या दगडाने रचलेली टाकी फॉस्फेट शोषते. संध्याकाळी घातलेलं सकाळी 0.00. मीटरची स्वतःची चूकच 0.02 ची, शिवाय काचेच्या नळीवर बोटाचा ठसा राहिला तर आकडा आणखी भलताच. 0.06 वर आकडा टिकायला तीन आठवडे लागले. तारा पूर्ण जायला नऊ.

झेनिया गेली, सगळी. झोआचे साठेक तोंडांचे तीन गड्डे होते, त्यांतली अकरा तोंडं उरली. मशरूमला काही झालं नाही, त्याला कधीच काही होत नाही. लेदर पाच आठवडे मेणचट, राखी पडून होतं. मी ते काढून टाकायला हात घातला होता. मग एके दिवशी प्रवाहात त्याच्यावरची पातळ कात सुटली आणि खालून बोटं निघाली. कात टाकणं लेदरचं नेहमीचंच, पण इतके दिवस नव्हतं लागलं.

तर, पाणी बदलण्यानेच टाकी मेली का? मला तसं म्हणायला आवडतं. चुरचुरीत वाटतं. पण मी एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या: पाणी, जीएफओ, खाणं, स्किमर. यातली कुठली नडली ते सांगता येत नाही. आणि बरं करतानाही तेच केलं. अंधार, यूव्ही, नायट्रेट, कार्बन, सगळं एकाच आठवड्यात. कशाने गुण आला? कदाचित नऊ आठवड्यांत डायनो आपसूकच ओसरला असता. ज्यांची टाकी शून्य नायट्रेटवर वर्षानुवर्षं फुलली आहे असे लोक मला माहीत आहेत. त्यांना मी काय सांगू?

आता रविवारी पाणी मोजतो. नायट्रेट 20 च्या वर किंवा फॉस्फेट 0.15 च्या वर गेलं तर वीस लिटर. नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.03 च्या खाली असेल तर हात लावत नाही, उलट माशांना चिमूटभर जास्त. मधल्या आकड्यांना महिन्यातून एकदा वीस लिटर, खनिजांसाठी. त्या वीस लिटरला मात्र सोवळं आहे. मीठ वजनावर विसंबून घालत नाही, कारण आपल्याकडे श्रावणात उघडं पाकीट ओल धरतं आणि 720 ग्रॅममध्ये किती पाणी आहे ते कळत नाही. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतो. आरओच्या पाण्याने शून्यावर जुळवलेला वरच्या टोकाला चुकू शकतो. पंप लावून चोवीस तास ढवळणं, तापमानात एका अंशाहून जास्त फरक नको, अल्कलिनिटी मोजूनच ओतायचं. ओतताना स्किमर बंद, नाहीतर तो फेसाळून कप जमिनीवर रिकामा करतो.

कधीकधी आकडे ठीक असतानाही मी पाणी बदलतो. उगीच. रविवार असतो, हात शिवशिवतात, आणि बदलल्यावर टाकी स्वच्छ दिसते हे काही खोटं नाही. तेव्हाचा मी अजून पुरता गेलेला नाही.

गेल्या रविवारी नायट्रेट 11 होतं, फॉस्फेट 0.02. नियमाप्रमाणे मधलाच प्रकार आणि महिना उलटलेला, म्हणून काल वीस लिटर ढवळायला ठेवलं. आज दुपारी डाव्या कोपऱ्यात वाळूवर तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला. तारा नाहीत, बुडबुडे नाहीत. चिमूटभर ओढून, हलवून, गाळून बाटली दिव्याखाली ठेवली आहे. अजून तास व्हायचाय.