पॅलेटमधला वाफा : सहा कप्पे, पालेभाजी आणि सासूबाईंचं बोट

आमची बाल्कनी नऊ फूट बाय चार फूट. त्यातच वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड आणि एक मोडकी सायकल. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई फलटणजवळच्या गावाहून कायमच्या चिंचवडला आमच्याकडे आल्या. गावच्या घरामागे त्यांचे वाफे होते, मेथी, शेपू, चुका, बांधाला अंबाडी, आणि मोरीच्या पाण्यावर अळू तर बारा महिने. इथं आल्यावर पहिले काही महिने त्या रोज सकाळी बाल्कनीत जाऊन उभ्या राहायच्या आणि काही न बोलता आत यायच्या. मला ते बघवायचं नाही. कुंड्या ठेवायला जमिनीवर जागाच नव्हती, मोकळी होती फक्त पूर्वेकडची भिंत, म्हणून म्हटलं वाफा उभाच करू.

मी भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम करते, त्यामुळे लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, मला रोजचे. माल परदेशात पाठवायचा तर त्याखालच्या लाकडालासुद्धा नियम आहेत, २००२ साली ठरलेलं आयएसपीएम १५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून. पॅलेटच्या ठोकळ्यावर शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचा कोड आणि दोन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड भट्टीत तापवलंय, म्हणजे अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, तो विषारी गॅस आहे, असलं पॅलेट भाजीसाठी अजिबात घेऊ नका. आणि एक गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती, शिक्का फक्त लाकडावर काय प्रक्रिया झाली ते सांगतो, नंतर त्यावर काय सांडलं ते नाही सांगत. मी पहिलं पॅलेट एका भंगारवाल्याकडून अडीचशे रुपयांना आणलं, शिक्का एचटीचा, दिसायला चांगलं. घरी आणून धुतलं तर एका कोपऱ्यातून काळपट तेलकट पाणी सुटायला लागलं आणि तिखट वास, कुठल्यातरी केमिकलच्या ड्रमखालचं असणार. तीनदा धुतलं तरी वास जाईना. शेवटी टाकून दिलं. यातली भाजी आपण खाणार आहोत, पैसे गेले तर गेले. तेव्हापासून माझा नियम असा की पॅलेटला नाक लावून वास घ्यायचा, डाग असेल तर सोडायचं, आणि ते कशाच्या खाली होतं हे माहीत असेल तरच घ्यायचं. निळ्या रंगाची पॅलेट्स बहुतेकदा भाड्याने फिरणारी असतात, मालकी त्या कंपनीचीच राहते, ती उचलायची नाहीत.

दुसरं पॅलेट आमच्या स्टोअरमधून रीतसर परवानगी घेऊन आणलं, युरोपातून मशीन आलं होतं त्याखालचं. ही युरो पॅलेट्स १२०० बाय ८०० मिलिमीटरची, १४४ मिलिमीटर जाड, वजन वीस-पंचवीस किलो. आता हे नीट वाचा, कारण हेच मला सगळ्यात आवडलेलं आहे. वरच्या बाजूला पाच फळ्या असतात, तीन रुंद आणि त्यांच्या मधे दोन अरुंद. खाली तीन फळ्या, त्या बरोबर वरच्या तीन रुंद फळ्यांच्या समोर येतात, आणि मधे नऊ ठोकळे. पॅलेट लांब बाजूवर उभं केलं की तीन ओळी दिसतात, पुढे फळी, मागे फळी, दोन्ही टोकांना आणि मधोमध ठोकळा. म्हणजे प्रत्येक ओळीत दोन, एकूण सहा खोकी आयतीच तयार आहेत, फक्त त्यांना तळ नाही. आणि त्या दोन अरुंद फळ्या? त्यांची रुंदी १० सेंटीमीटर आणि खोक्याच्या आतली खोलीही १०च. त्या काढल्या की रोपांना वर वाढायला जागा मोकळी होते, आणि एकेका फळीचे तीन असे तुकडे केले की सहा तळ तयार. बाहेरून एक फळी आणावी लागली नाही. मी आणि नवरा दोघं फरशीवर बसून मोजपट्टी परत परत लावून बघत होतो, खरंच बसतंय का.

त्या फळ्या काढणं मात्र सोपं नाही. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, कटावणीने उचकटायला गेलो तर लाकूडच चिरतं, आमची एक फळी अशीच मधोमध फुटली. मग सोसायटीत काम करणाऱ्या सुतारदादांनी सांगितलं, की फळी आणि ठोकळ्याच्या मधे हॅक्सॉ ब्लेड घाला आणि खिळाच कापा. एका दुपारी झालं. सगळीकडून पॉलिश पेपर मारला, कारण भाजी खुडताना कुसळ हातात जातं. बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, आतून काहीच नाही. वार्निश किंवा ऑइल पेंट आत लावू नका. तळाच्या प्रत्येक तुकड्याला चार-चार भोकं पाडली, आत तांदळाच्या विणलेल्या गोणीचं अस्तर, त्यातून पाणी जातं पण माती राहते.

भिंतीला दोन एल-क्लॅम्प मारून पक्कं केलं आणि खाली दोन विटा, म्हणजे लाकूड फरशीला टेकत नाही, ओल धरत नाही, वाळवीचीही भीती कमी. ग्रिलला किंवा रेलिंगला बाहेरून पॅलेट लटकवलेले फोटो दिसतात, कृपा करून तसं करू नका. भिजलेल्या मातीसकट हे प्रकरण साठ किलोच्या आसपास जातं आणि खाली माणसं चालत असतात.

आता भाजी कुठली? दहा सेंटीमीटरच्या कप्प्यात टोमॅटो, वांगी लावायचा हट्ट करू नये, ती रोपं नुसती झुरतात. पालेभाजीची मुळं उथळ, मेथी-कोथिंबिरीला एवढी जागा पुरते, आणि ती महिनाभरात निघते म्हणून माती थकायच्या आत आपण तिला परत खत घालू शकतो. मिश्रण आमचं सरळ आहे, एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायचं, त्यात क्षार असतात. एक कप्पा साडेपाच लिटरचा, म्हणजे अख्ख्या पॅलेटला तेहतीस लिटर मिश्रण लागलं. नुसती माती भरली तर वजन वाढतं आणि ती पाण्याने दगडासारखी बसते.

पहिल्यांदा मी सहाही कप्प्यांत मेथी टाकली. सकाळ-संध्याकाळ वरून झारीने सारखं पाणी. तिसऱ्या दिवशी सगळीकडे कोंब आले, सासूबाईंनी नातीला हाताला धरून दाखवायला नेलं. आठव्या दिवशी खालच्या ओळीतली रोपं बुडाशी कुजून आडवी पडली, आणि वरच्या ओळीतली दुपारी सुकून माना टाकायला लागली. एकाच पॅलेटमधे एक ओळ बुडतीये आणि एक तहानलेली. मला वाटलं बियाणंच खराब. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी वरच्या कप्प्यात बोट घातलं, मग मधल्या, मग खालच्या. म्हणाल्या, "अगं, ही एक जमीन नाही, तीन जमिनी आहेत. खालच्याला वाफसाच नाही."

वाफसा हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत धरली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला तर फुटतो, तिच्यात ओल पण आहे आणि हवा पण आहे, तो वाफसा. उभ्या पॅलेटमधे वरच्या ओळीला ऊन-वारा जास्त, आणि तिचं जादा पाणी झिरपून खाली जातं, म्हणजे खालच्या ओळीला स्वतःचं पाणी अधिक वरच्या दोघींचं. आपण सगळ्यांना सारखं पाणी घालतो तिथंच चुकतं. तेव्हापासून पाणी बोटाने ठरतं. पेराएवढं बोट घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. वरच्या ओळीला उन्हाळ्यात दोनदा, मधल्या ओळीला एकदा, खालच्या ओळीला कधीकधी दोन दिवस काहीच नाही. आणि पिकंही तशीच वाटून घेतली, वर लाल माठ किंवा राजगिरा, त्यांना ऊन चालतं, मधे मेथी, कोथिंबीर, शेपू, खाली पालक, चुका आणि पुदिना. पुदिना बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून, मुळं फुटल्यावर लावला. तो मात्र एका कप्प्यात एकटाच ठेवा, शेजाऱ्याला जगू देत नाही.

धण्याचं पण त्यांनीच शिकवलं. अख्खा धणा पेरायचा नाही, त्यात दोन बिया असतात, फरशीवर पसरून हलक्या हाताने रगडायचे, दोन फाकी व्हायला हव्यात, पीठ नको. मग रात्रभर भिजत. तरी आठ-दहा दिवस काही दिसत नाही, लोक तिथंच कंटाळून माती उकरून बघतात. नका उकरू. मेथी आणि धणे किराणा दुकानातले चालतात. दुकानातल्या बियाण्याच्या पाकिटात गुलाबी-निळा रंग दिलेलं बी असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते पेरायलाच वापरायचं, उरलं म्हणून फोडणीत नाही, आणि हात धुवायचे. मेथी दाट फोकली तरी चालते, पालक मात्र दोन-दोन इंचांवर ठेवून बाकीची रोपं उपटायची. उपटलेली कोवळी रोपं आमच्याकडे वरणात जातात. पालक मुळासकट काढायचा नाही, बाहेरची पानं खुडायची, आतून नवी येतात, एकाच लावणीवर चार-पाच तोडे मिळतात.

किती निघतं ते पण खरं सांगते, कारण फोटो बघून अपेक्षा भलत्याच वाढतात. एका कप्प्यातली मेथी म्हणजे बाजारच्या जुडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असेल. आमच्या चौघांच्या एका वेळच्या भाजीला तीन कप्पे एकदम काढावे लागतात. म्हणून आता तीन पॅलेट आहेत, अठरा कप्पे, आणि दर रविवारी दोन कप्पे नवीन पेरायचे असा क्रम लावलाय, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी घरची पालेभाजी होते आणि कोथिंबीर तर विकत जवळपास बंदच. सासूबाई पालकाची ताकातली पातळ भाजी करतात, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून, खुडल्यापासून पंधरा मिनिटांत कढईत. त्या पालकाला चव असते. म्हणजे मला पालकाला अशी काही चव असते हेच माहीत नव्हतं.

त्रास पण झालेत. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर मातीचं पाणी टपकलं. त्या रागावल्या आणि बरोबरच होतं त्यांचं. मग चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पॅलेटखाली पन्हाळीसारखा बसवला, थोडा उतार देऊन, टोकाला बादली. ते पाणी परत वरच्या ओळीला जातं, थोडं खतही त्यातून परत मिळतं. काकूंना पहिली शेपूची जुडी नेऊन दिली. कबुतरांनी दोनदा सगळे कोंब उपटले, त्यावर जाळी लावण्याशिवाय उपाय नाही, बाकीचं सगळं करून बघितलंय. मेथीवर मावा ही बारीक कीड येते, पालकावर नागअळीच्या पांढऱ्या नागमोडी रेषा. रेषांची पानं लगेच काढून टाकते, आणि माव्याला एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, चार थेंब साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं. फवारल्यावर आठवडाभर तो कप्पा खुडत नाही. कोथिंबिरीने एप्रिलमधे फार रडवलं, चार पानं आली की लगेच फुलावर. ऊन वाढलं की ती अशीच करते, तेव्हा मी आता मार्च ते मे तिचा नाद सोडते आणि तिथं माठ टाकते, वर हिरवी शेडनेट.

खत मात्र चुकवू नका. कप्पा रिकामा झाला की दोन मुठी गांडूळखत मिसळून चार दिवस तशीच माती ठेवायची. एवढ्याशा मातीतून आपण वर्षभर एकामागून एक पिकं घेतोय, तिला परत द्यायलाच हवं. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर त्यांनी उभ्या केलेल्या, शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या प्रयोग परिवारातून हेच सांगायचे, पालापाचोळ्यातून, घरातल्या ओल्या कचऱ्यातून आपली माती आपण तयार करायची. आम्ही भाजीची देठं, चहाचा चोथा आणि सोसायटीतला वाळका पाला एका जुन्या माठात कुजवतो, भोकं पाडून.

सध्या पाऊस आहे. वरच्या ओळीच्या डाव्या कप्प्यातून मायाळूचा वेल ग्रिलवर चढलाय, दोन दिवसांपूर्वी त्याची भजी झाली. पावसात झारीला सुट्टी, पण खालच्या कप्प्यांची भोकं काडीने मोकळी करावी लागतात, गोणीवर चिखल बसतो, आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतात, ते काम नातीने मागून घेतलंय. सासूबाईंनी गावाहून चाकवताचं बी मागवलंय, कोणी येणार आहे त्यांच्याबरोबर, कागदाच्या पुडीत. ते थंडीत. आत्ता मी हे टाइप करतीये तर त्या बाल्कनीत स्टुलावर बसून तिन्ही ओळींत बोट घालून बघतायत, आणि मला विचारतायत, "अगं, चौथं पॅलेट मिळेल का तुझ्या कंपनीत? उत्तरेकडची भिंत मोकळी आहे." उत्तरेला ऊन फार कमी येतं, दोन तास असेल. पुदिना येईल का तिथं, बघायला हवं. सोमवारी स्टोअरला विचारते.