एका पट्टीवर विसंबलो तेव्हा

तांबेरा आणि टिक्का एकत्र आले की भुईमुगाची पानं झडतात आणि शेंगा पोचट राहतात. जेएल २४ ही लवकर येणारी, चांगली जात, पण या दोन रोगांपुढे ती टिकत नाही. म्हणून जीपीबीडी ४ या रोगाला दाद न देणाऱ्या जातीची प्रतिकारशक्ती तिच्यात आणायचं मी ठरवलं. ही शक्ती मुळात अ‍ॅरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीतली. रानटी झाडात २० गुणसूत्रं, लागवडीच्या भुईमुगात ४०. थेट संकर केला तर संतती वांझ निघते. ती अवघड वाट आधीच्या पैदासकारांनी पार करून ठेवली आहे, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

संकराचं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. सकाळी उमलणारी कळी चिमट्याने उघडायची, होडीसारखी पाकळी सारून पुंकेसर एकेक काढायचे, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. पहाटे परागण करून बेचक्यात रंगीत दोरा बांधायचा. आरी, म्हणजे फुलातून निघून जमिनीत जाणारा देठ, मातीत शिरल्यावर संकराची शेंग ओळखायला तेवढाच आधार.

डीएनएसाठी मिटलेली कोवळी पानंच घ्या. जून पानांतल्या फिनॉलमुळे माझे पहिले नमुने तपकिरी पडले आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, झालंच नाही.

बॅकक्रॉस म्हणजे संततीचा जेएल २४ शी पुन्हा पुन्हा संकर. त्याच्या दर पिढीत डीएनएचे तुकडे जेलच्या थरावर वेगळे करून पाहिले, की साधारण निम्म्या रोपांत प्रतिकारशक्तीच्या जनुकाची खूण असलेली पट्टी दिसते. तीच पुढे न्यायची, रोग येईपर्यंत थांबायला नको. इथेच मी घाई केली. जनुकाच्या एकाच बाजूचा मार्कर, म्हणजे पट्टीतून दिसणारी डीएनएवरची खूण, तपासला. दोन पिढ्यांनी रोगाच्या वाफ्यात काही झाडांच्या पानांखाली तांबूस पुळ्या आल्या. जेलवर पट्टी होती, पण जनुक निसटलं होतं. मार्कर आणि जनुक यांच्या मधेच गुणसूत्रांची अदलाबदल झाली होती. दोन हंगाम वाया गेले, फार वाईट वाटलं.

मग ए०३ गुणसूत्रावरचे, जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर घेतले आणि थोड्या अंतरावर रानटी तुकडा संपलेली रोपं शोधली. तुकडा लांब राहिला तर जाड टरफल, उशिरा पक्व होणं असे दोषही सोबत येतात.

तिसऱ्या बॅकक्रॉसनंतर स्वपरागण केलं. तांबेऱ्याच्या जनुकापुरती सुमारे चौथाई झाडं दोन्ही प्रतींत प्रतिकारक निघाली. त्यांच्या ओळींशेजारी रोगाला बळी पडणारी जात मुद्दाम पेरली होती. ती पार करपली, तेव्हा माझ्या ओळींची खालची पानं मी उलटून पाहिली. बारीक ठिपके होते, फुटलेली पुळी एकही नव्हती.