शाळा बंद करताना दप्तर सोपवलं, त्याचा अनुभव

सांगलीतली आमची विनाअनुदानित शाळा कायमची बंद करायचं ठरलं, तेव्हा संस्थेच्या बैठकीत बोलणं झालं ते इमारतीचं आणि देण्याघेण्याचं. दप्तर, म्हणजे शाळेची रजिस्टरं आणि नोंदींचे कागद, आम्हा मुख्याध्यापक-लिपिकांकडे आलं. हे काम करू लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पटावरच्या मुलांना दुसरी शाळा मिळते. खरी अडचण होते ती दहा-वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्यांची. जातपडताळणी, पासपोर्ट, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत, कशालाही जनरल रजिस्टरचा (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीचा) उतारा लागतो आणि तो दुसरीकडे कुठेच मिळत नाही. दहावीची गुणपत्रिका हरवली तर कोल्हापूर विभागीय मंडळ दुय्यम प्रत देतं. रजिस्टरला तशी सोय नाही. म्हणून एकही दाखला लिहिण्याआधी रजिस्टर पहिल्या नोंदीपासून तपासायला घ्या.

बघायचं काय? अनुक्रमांक मध्येच तुटलाय का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळते का, खाडाखोडीवर मुख्याध्यापकांची सही आहे का. सगळ्यात जास्त रिकामा रकाना सापडतो तो शाळा सोडल्याच्या तारखेचा. मूल वर्षाच्या मध्येच गेलं, दाखला कुणी नेला नाही, नोंद तशीच राहिली. अशा वेळी हजेरीपटावरून शेवटच्या हजेरीचा दिवस काढा आणि शेऱ्यात तसं स्पष्ट लिहा. नाव, जन्मतारीख, जात यांना मात्र हात लावायचा नाही. ‘आधारप्रमाणे करून द्या’ म्हणणारे पालक या काळात फार येतात. दाखला रजिस्टरबरहुकूमच निघतो. खरोखर चूक असेल तर पुराव्यासह दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे शाळा चालू असतानाच पाठवा, नंतर तो पाठवायला मुख्याध्यापकच उरत नाही.

दाखल्यावर कारण ‘शाळा कायमची बंद झाल्यामुळे’ असंच लिहा. ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिलं की पुढे शंका निघतात, विशेषतः आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत. फी थकली म्हणून दाखला अडवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. कागद हातात पडला म्हणजे काम झालं असंही नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत मूल आपल्याच पटावर राहिलं तर नव्या शाळेला ते घेता येत नाही, त्याला तिथल्या ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकावं लागतं. दाखल्यावर पेन (यू-डायसवरचा मुलाचा कायम क्रमांक) आणि सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीतला आयडी दोन्ही लिहा. हे सगळं शाळेचं लॉगिन बंद होण्याआधी उरकायला हवं, नाहीतर पालकांना गटशिक्षण कार्यालयात हेलपाटे पडतात.

सोपवायच्या यादीत सगळी जनरल रजिस्टरं, दाखल्यांची स्थळप्रत पुस्तकं (दिलेल्या दाखल्यांच्या शाळेकडे राहणाऱ्या प्रती), हजेरीपट, निकालपत्रकं आणि प्रवेश अर्ज येतात. प्रत्येक रजिस्टरसमोर पहिला-शेवटचा अनुक्रमांक, वर्षं आणि पानं लिहा. ‘रजिस्टरे – एक गठ्ठा’ अशी यादी निरुपयोगी. कोरे दाखले आडवी रेघ मारून ‘रद्द’ करा आणि शिक्क्यांसह मोजून द्या. कोरा फॉर्म आणि गोल शिक्का बाहेर राहिला की बनावट दाखले निघायला वेळ लागत नाही. न नेलेली दहावीची मूळ प्रमाणपत्रं वेगळ्या पाकिटात नावानिशी ठेवा. रजिस्टरचं प्रत्येक पान स्कॅन करा, पण शिवण उसवून नको. सुटं झालेलं पान पडताळणीत संशयास्पद ठरतं.

दप्तर अध्यक्षांच्या घरी न्यायचा मोह संस्थेला होतोच. तिथे वाळवी लागते आणि पुढच्या पिढीला कपाटात काय आहे तेही माहीत नसतं. ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने लेखी नेमून दिलेल्या ठिकाणीच जावं. पुढे उतारे आणि दुय्यम दाखले कोणाच्या सहीने द्यायचे, हेही त्याच पत्रात मागून घ्या. पत्र मोघम असेल तर दप्तर घेणारे मुख्याध्यापक सही करायला कचरतात. आणि सांगलीत जागा बघताना मजला विचाराच. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तळमजल्यावरचं लोखंडी कपाट कागद वाचवत नाही.

पोच तीन प्रतींत घ्या: एक संस्थेला, एक दप्तर घेणाऱ्या शाळेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. त्यावर जुना यू-डायस क्रमांक हवाच. दप्तर कुठे गेलं याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात द्या, फाटकावर रंगवून घ्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोचेच्या फोटोसह टाका.