चाळकेवाडीला भर दुपारी गेलो आणि पस्तावलो

ऑक्टोबरात मी आणि मावसभाऊ दोन दिवस साताऱ्याला जाऊन आलो, कारण एकच, फोटो. पहिल्या दिवशी आरामात मिसळ वगैरे हाणून चाळकेवाडीच्या पठारावर पोचलो तेव्हा बारा वाजलेले, पवनचक्क्या समोर, आभाळ पांढरंफटक, गवत पण फिकट, शंभरेक फोटो काढले आणि रात्री लॉजवर बघितले तर सगळे सारखेच. ऊन डोक्यावर असलं की सावल्याच पडत नाहीत, मग चढ-उतार दिसणार कुठून? दादा म्हणाला कॅमेरा बदलायला पाहिजे. म्हटलं आधी वेळ बदलू.

दुसऱ्या दिवशी अंधारातच अजिंक्यतारा किल्ल्यावर. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे आळशी लोकांनाही जमतं. सूर्य जरंडेश्वर डोंगराच्या बाजूने वर येतो, सगळे त्याचाच फोटो काढत होते, आम्ही पण काढला, ठीकच आला. पण खरी मजा उत्तरेला तोंड केल्यावर! खाली सातारा शहर, उजवीकडून तिरपं ऊन, एकेक गच्ची उठून दिसायला लागली आणि मध्येमध्ये धुकं अडकलेलं. तटबंदीचा दगड फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात घेतला तर आपण किती उंचीवर आहोत ते आपोआप कळलं. नुसतं शहर घेतलेलं तेव्हा तोच फोटो विमानातून काढल्यासारखा वाटत होता.

परत चाळकेवाडीला जाताना ठोसेघरच्या धबधब्याला थांबलो, तेव्हा ढग होते आणि ते बरंच झालं, कडक उन्हात पाणी नुसतं पांढरा पट्टा होतं. ट्रायपॉड नसेल तर रेलिंगवर मोबाईल टेकवा, टायमर लावा.

चाळकेवाडीला परत गेलो ते साडेचारला. यावेळी गुडघ्यावर बसून सोनकीची उरलीसुरली पिवळी फुलं पुढे घेतली, मागे एकच पवनचक्की, तीही मधोमध न घेता बाजूला आणि पातं फिरायला समोर थोडी जागा सोडून. सूर्य गवताच्या मागे आला तेव्हा प्रत्येक काडी पेटल्यासारखी, तिथे मोबाईलवर आकाशावर टॅप करून ब्राईटनेस खाली ओढायचा, नाहीतर सगळं आकाश जळतं, म्हणजे नुसतं पांढरं येतं. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) ऑन ठेवा, क्षितिज वाकडं झालं की चक्क्या पडायला आल्यासारख्या दिसतात (माझ्या पहिल्या दिवशीच्या निम्म्या फोटोंत तसंच झालंय).

सूर्य बुडाला की लगेच निघू नका. अंधारून आल्यावर ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाचा शटर ठेवला तर पाती मस्त धूसर येतात, दुपारी असा शटर ठेवला असता तर लेन्सवर उजेड कमी करणाऱ्या फिल्टरशिवाय फोटो पांढराच आला असता. वारा मात्र बेक्कार असतो, ट्रायपॉडला बॅग लटकवा, जर्किन घ्या, लेन्स पुसायला सुती फडका घ्या. पेट्रोल साताऱ्यातच भरा. आणि परतीला घाटात धुकं उतरलं तर गाडी अगदी हळू, आम्हाला शहरात यायला साडेनऊ झाले आणि तोपर्यंत आमची खानावळ बंद, वडापाववर भागवलं.