चकली अपडेट: खवल्यांची चमक गेली, पण आता डोळा मेलाय

मंडळी, जमलं एकदाचं! माझ्या चकलीच्या, म्हणजे पाळीव बॉल पायथनच्या (छोट्या अजगराच्या) फोटोंत खवल्यांवर येणारे ते फ्लॅशचे पांढरे डाग गेले. मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलं होतं ना, की फ्लॅशवर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी), लेन्सवर सीपीएल (तसाच, पण फिरवता येणारा सर्क्युलर पोलरायझर फिल्टर), सगळं शिस्तीत लावलंय आणि तरी सीपीएल कितीही फिरवा, चमक जरा कमी होते पण जात नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी सीपीएलवर संशय घेतला, उरलेल्यांनी फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या डिफ्युझरवर. दोघंही निर्दोष. चोर निघाली फिल्म.

परवा रात्री वैतागून ती फिल्म लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून फिरवत बसलो होतो. एका बाजूने धरली की फिरवता फिरवता स्क्रीन पार काळी होते, उलटी करून धरली की नुसती रंगाची झाक बदलते, काळी म्हणून होत नाही. म्हणजे लिनियर (नुसता प्रकाश गाळणारी) म्हणून माझ्या गळ्यात मारलेली फिल्म चक्क सर्क्युलर (एका बाजूला प्रकाश गोल फिरवणारा जादा थर असलेली) आहे! दुकानाचं नाव घेत नाही, पण त्यांच्या पानावर अजूनही लिनियरच लिहिलंय. बरं, फेकून द्यायची गरज नाही. जी बाजू स्क्रीनकडे केल्यावर काळं होतं ती बाजू सापाकडे करायची, मग बाहेर पडणारा प्रकाश लिनियरच, म्हणजे सीपीएलला अडवता येणारा असतो. फिल्म उलटी करून चिकटवली, सीपीएल फिरवला आणि चकलीच्या पाठीवरचा चॉकलेटी रंग असा काही उघडा पडला की मी एकटाच हसत होतो. एक लक्षात ठेवा, फिल्म डिफ्युझरच्या बाहेरच लावा, आत लावली तर डिफ्युझर सगळं पोलरायझेशन विस्कटून टाकतो.

याची किंमत अर्थात प्रकाशात मोजावी लागते. सीपीएल दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), वर फिल्म अजून एक-दीड. एफ ११ वर आयएसओ ४०० ठेवूनही फ्लॅश जवळजवळ फुल पॉवरवर न्यावा लागतो, मग तो रिचार्ज होईपर्यंत बाईसाहेब हाइडमध्ये (लपायच्या जागेत) पसार. काळ्या भागात हलकी जांभळट झाकही येते, पण ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स मारला की बरीच जाते.

लेन्सचं म्हणाल तर ८०डी कॅमेऱ्यावर सेकंडहँड कॅनन १०० एमएम मॅक्रो, साधा, महागड्या एल मालिकेतला नाही, हाच कायम. ६० एमएम मित्राचा आणून पाहिला, शार्प आहे, पण १:१ ला (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा पडते तेव्हा) लेन्सचं तोंड सापाच्या तोंडापासून जेमतेम ९-१० सेंमीवर येतं, १०० ला १५ सेंमीच्या आसपास मिळतात. एवढ्या जवळ काळं भोक आलं की बॉल पायथन एक तर गुंडाळून बसणार नाहीतर उंदीर समजून झेपावणार. स्टॅकिंगचं (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडण्याचं) विचारू नका, श्वास घेतला तरी अंग हलतं.

आता नवीन दुखणं. चमक गेली तशी डोळ्यातली कॅचलाइटही (प्रकाशाचा चमकता ठिपका) गेली. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यावरचं प्रतिबिंब मेलं की डोळा म्हणजे नुसतं काळं बटण. आणि कात टाकल्यानंतर अंगावर जी तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी झळाळी येते, ज्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप मांडलाय, तीही साफ! ती झळाळीसुद्धा परावर्तनच, त्यामुळे पोलरायझर तिलाही सोडत नाही. सीपीएल अर्धवट फिरवून पाहिला, मग पांढरे डागही अर्धवट परत येतात.

हे टाइप करता करताच सुचलं: दुसरा छोटा फ्लॅश, फिल्मशिवाय, १/६४ वर, बाजूने आणि थोडा मागून. अंगाचा रंग मुख्य फ्लॅश देईल, कॅचलाइट आणि झळाळी हा छोटा देईल, आणि पॉवर एवढी कमी की डाग पसरणार नाहीत. चाललं तर एल लेन्ससाठी साठवलेले पैसे गोडॉक्सच्या एका छोट्या फ्लॅशवर आणि ट्रिगरवर जातील. तसंही फ्लॅशच्या कामात एलमधल्या आयएसचा (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीचा) मला तरी फारसा उपयोग दिसत नाही.

प्रयोगाला थोडं थांबावं लागणार. कात टाकण्याआधी होतात तसे चकलीचे डोळे सध्या दुधी झालेत, या काळात तिला दिसत कमी आणि राग जास्त, त्यामुळे कॅमेरा कपाटात. डोळे निवळले, कात पडली की मगच. नेमका तेव्हाच खायचा दिवस आला तर अजून दोन दिवस वाट बघायची, खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही हा घरचा नियम. आणि कृपया धामणीचे पाळीव फोटो मागू नका, आपल्याकडचे साप पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. चकली परदेशी जातीची आहे आणि तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे.

तोपर्यंत कुणी छोट्या फ्लॅशला घरगुती स्नूट (प्रकाश एका जागी आवळणारी नळी) केला असेल तर कशाचा केला ते सांगा, मी काळ्या चार्ट पेपरची नळी करायच्या विचारात आहे, पण ती दर वेळी लेन्सच्या सावलीत येईल असं वाटतंय.